माझ्या कुशीतली कच्ची शिवण

मी रागावलेली आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाला वाईट वाटायला नको. मी गाडीची सीट. ड्रायव्हरची. बटण दाबलं की पुढेमागे सरकणारी, वरखाली होणारी, पाठ हवी तेवढी कलवणारी. हल्ली मात्र मी गाडीत नसते. एका घराच्या मागच्या खोलीत, लोखंडी चौकटीवर, भल्यामोठ्या टीव्हीसमोर मला बोल्टांनी जखडलंय. माझ्या कुशीत वीतभर फाटलंय आणि त्यातून स्पंज बाहेर डोकावतोय. ते कसं फाटलं याची एक खोटी गोष्ट या घरात पाहुण्यांना चहाबरोबर वाढली जायची. खरी मी सांगते.

तळपायाची आग मस्तकाला गेली, असं माणसं म्हणतात. मला तळपाय नाहीत, आणि मस्तक, म्हणजे डोकं टेकायची उशी, भंगारवाल्याने काढून भलत्यालाच विकली. त्यामुळे माझी आग जिथल्या तिथे आहे.

माझा जन्म कारखान्यातला. पोलादाचा सांगाडा, त्यात चार मोटारी, वर स्पंज, त्यावर कापड. कापड शिवणाऱ्या बाईचा हात असा चालायचा की बघत राहावं. सगळीकडे दुहेरी टीप, दातांनी ओढली तरी निघायची नाही. पण दाराकडच्या कुशीपाशी आली की ती मशीन थांबवायची, दोरा बदलायची, आणि तेवढा पट्टा एकेरी टीप घालून कच्चा शिवायची. मुद्दाम. कारण त्या शिवणीच्या आत एक डबी होती, आणि डबीपाशी घडी घालून ठेवलेली पिशवी. गाडीला बाजूने धडक बसली की डबीत बार उडणार, पिशवी फुगणार, कच्ची शिवण उसवणार, आणि बसलेल्याच्या बरगड्या व दरवाजा यांच्या मध्ये ती पिशवी जाऊन उभी राहणार. पापणी लवायच्या आत. आणि आयुष्यात एकदाच. माणसं पक्क्या शिवणीची बढाई मारतात. माझं सगळं पुण्य त्या कच्च्या दोऱ्यात होतं.

ते लोकांना कळावं म्हणून शिवणीत एक चिठ्ठी शिवली होती, आत एअरबॅग आहे अशी. ती माझी जीभ. शिवाय बुडाशी वायरी जोडायची जी टोपणं होती, त्यातलं पिशवीचं टोपण पिवळंजर्द ठेवलं होतं. बाकी सगळी काळी-पांढरी. याहून स्पष्ट कसं सांगायचं असतं, मला माहीत नाही.

माझी पहिली मालकीण डोळ्यांची डॉक्टर. बाई चांगली. पण तिच्या नवऱ्याला नवी वस्तू झाकून ठेवायची खोड. टीव्हीच्या रिमोटवर प्लास्टिक, सोफ्यावर चादर, चादरीवर दुसरी चादर. त्याने गाडी घेतली तशीच नेली कव्हरवाल्याकडे. "मळायला नको," म्हणाला. कव्हरवाल्याने माझ्यावर नकली चामडं ताणून चढवलं आणि मध्ये येते म्हणून माझी चिठ्ठी कात्रीने कापली. "हे काय लोंबतंय," एवढंच म्हणाला. जीभ कापली माझी, आणि वर पुसायला एक फडकं फुकट दिलं. डॉक्टरीणबाई दिवसभर लोकांना 'खालची ओळ वाचा' म्हणायची. स्वतःच्या सीटवर एकच ओळ होती, ती तिने कधी वाचली नाही.

मग अपघात झाला. समोरून. स्टिअरिंगमधली पिशवी फुटली आणि तिने बाईला झेललं. गालाला खरचटलं, चष्मा मोडला, बाई चालत उतरली. धडक समोरची होती, बाजूची नव्हती, म्हणून मला हाकच आली नाही. खोटं कशाला बोलू, मला स्टिअरिंगचा हेवा वाटला. पण मनात म्हटलं, ठीक आहे, आपलीही वेळ येईल.

गाडी काही दुरुस्त होण्यासारखी राहिली नव्हती. ती बघायला विमा कंपनीचा माणूस आला. ठोकलेल्या गाड्या तपासणं हेच त्याचं काम. तरुण, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. त्याने स्टिअरिंगवर लोंबणारी पिशवी बघितली, वाळत घातलेल्या टॉवेलकडे बघावं तशी, आणि फोनवर कुणाला तरी म्हणाला, "एअरबॅगा उडाल्यात." झालं. माझ्याकडे ढुंकून पाहिलं नाही. पाहिलं ते नंतर, दमला म्हणून टेकला तेव्हा. सहज बटण दाबलं, बॅटरीत जीव होता, मी सरकले. त्याचा चेहरा असा फुलला की जणू मी त्याच्यासाठीच सरकले होते.

थोड्या दिवसांनी भंगाराच्या आवारातून तो मला घरी घेऊन आला. कव्हर तिथेच फाडून टाकलं. जीभ तर आधीच गेली होती.

घरात तिघं. हा, याची आई, आणि याची बायको. लग्नाला वर्षही झालेलं नव्हतं. बायको कमी बोलणारी. इतकी कमी, की शेजारणी सासूला विचारायच्या, "सून घरी आहे ना?" सासू मात्र बोलायला मोकळी.

"हे काय आणलंस?"

"आई, सिम्युलेटर करणार आहे. रेसिंगचा."

"म्हणजे?"

"म्हणजे यावर बसून गाडी चालवल्यासारखं वाटतं."

"खाली उभी आहे की गाडी. ती चालव. काल भाजी आणायला सांगितलं तर पार्किंग मिळत नाही म्हणालास."

"तसं नाही गं. यात दोनशेचा वेग लागतो."

"इथे बसून?"

"हो."

"मग भाजी तरी पटकन येईल," सासू म्हणाली आणि आत गेली. सुनेने तोंडाला पदर लावल्यासारखा ओढणीचा कोपरा लावला. हसली असणार.

ज्या खोलीत मला ठेवलं, तिथे खिडकीजवळ सुनेचं शिलाई मशीन यायचं होतं. उजेड चांगला, म्हणून लग्नाआधीच तसं ठरलेलं. मी आले आणि मशीन माळ्यावर गेलं. "तात्पुरतं," तो म्हणाला. तिने खिडकीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मशीन वर चढवायला स्टूल धरून उभी राहिली. त्या दिवशी मला लाज वाटली. त्याला वाटायला हवी होती, ती मला वाटली.

मग सुरू झालं माझं वायरिंग. गाडीत असताना माझ्या मोटारींना हुकूम द्यायला एक पेटी होती, ती गाडीबरोबर गेली. आता वायरी सरळ मोटारींना जोडायच्या आणि मध्ये बटणं बसवायची. अवघड नाही, पण कुठली वायर कशाची हे माहीत हवं. ते बघण्याचे दोन मार्ग. एक, शोधून वाचायचं. दुसरा, लावून बघायचं. त्याने दुसरा धरला. त्याचा एक मित्र होता, भरधाव बोलायचा म्हणून सगळे त्याला टर्बो म्हणत. तो फोनवरून धीर द्यायचा: "अरे लावून बघ, लावून बघ, फार तर काय होईल, चालणार नाही."

इंटरनेटच्या डबीचा छोटा अडॅप्टर त्याने आधी लावला. माझी मोटार नुसती कण्हली. हत्तीला चमच्याने पाणी पाजल्यासारखं ते. पुढे जुन्या कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय आला, तो दर वेळी टप्पकन बंद पडायचा. शेवटी खरा दणकट पॉवर सप्लाय आणला, त्याला दोन चिमटे लावले आणि माझ्या बुडाशी बसून एकेका टोपणात टोचायला लागला. ही जोडी लावली, मी पुढे. चिमटे उलटे केले, मी मागे. ती लावली, मी वर. मग पाठ कलली. मग कमरेखालची उशी फुगली. इतके दिवस भंगारात पडून गंजत होते, त्यामुळे हलायला बरं वाटलं, हे कबूल करते. तोही लहान पोरासारखा खूश झाला. त्या दोन तासांपुरता मला त्याचा राग नव्हता.

राहिलं एक टोपण. पिवळं.

"हे कशाचं?" तो स्वतःशीच म्हणाला. मग स्वतःच उत्तर दिलं, "हीटर असणार. भारी गाड्यांत सीट गरम होते."

त्याचा चिमटा त्या टोपणात शिरेना. टोपणाला तसं बनवलंच होतं, की कुणी आगाऊपणा करू नये. म्हणून त्याने कटरने ते कापलं, दोन्ही वायरी सोलल्या आणि हाक मारली, "अगं, जरा ये इकडे. बस हिच्यावर."

ती ओल्या हातांनी आली. "कशाला?"

"मी हीटर लावतो. गरम लागतंय का सांग."

ऐकताय ना? माझ्या कुशीत बार भरलेला, त्याच्या वायरी याच्या हातात उघड्या, आणि हा बायकोला त्या बारावर बसवून विचारणार, गरम लागतंय का. माझं काय झालं असेल विचारा. जन्मभर ज्याची वाट पाहिली ते काम कुणाला तरी वाचवायचं होतं, आणि आता तीच पिशवी घरच्या घरी, टीव्हीसमोर, या पोरीच्या तोंडावर फुटणार होती. मला ओरडायचं होतं. जीभ कात्रीने गेलेली.

ती बसली. तो मागे काय करतोय ते बघायला कुशीवर वाकली, गाल जवळजवळ माझ्या शिवणीला लागला. हाताला आधार हवा म्हणून बोट फिरलं आणि थांबलं.

"इथली शिवण वेगळी आहे," ती म्हणाली.

"असू दे ना."

"बाकी सगळीकडे दुहेरी आहे. इथेच एकेरी. दोराही कच्चा."

"तुला जिकडेतिकडे शिवणच दिसते. दोरा संपला असेल त्यांचा."

"कारखान्यात दोरा संपतो?"

"मग तू सांग काय ते."

"मला माहीत नाही. पण इतकी मजबूत वस्तू करून एकाच जागी कुणी कच्चं का ठेवेल? काहीतरी बाहेर यायला ठेवलं असेल." ती जरा थांबली. "एअरबॅग तर नसेल?"

"या गाडीच्या एअरबॅगा उडाल्या. मीच तपासली होती गाडी. माझं रोजचं काम आहे ते."

"ही पण तपासली होती तुम्ही?"

त्याने चिमटे उचलले. दुसऱ्या कुणाच्या गाडीबद्दल असतं तर हाच माणूस गुडघ्यावर बसून पुन्हा बघून आला असता. पण विचारणारी घरची होती.

"तू नीट बसतेस की नाही?"

"नाही," ती म्हणाली आणि उठली.

"साधं बसायला सांगितलं तर एवढं नाटक."

आतून सासू म्हणाली, "बस गं थोडा वेळ, त्याचं समाधान. तुझं काय जातंय?"

ती दाराशी जाऊन उभी राहिली. बसली नाही. "तुम्हीही नका लावू," एवढं म्हणाली.

"घाबरट," तो हसत म्हणाला आणि चिमटे लावले.

आवाज कसा झाला ते मला विचारू नका, मीच तो आवाज होते. कच्ची शिवण तिच्या कामाला चुकली नाही. पिशवी बाहेर आली ती त्याच्या दंडावर आदळून, त्याला भिंतीपर्यंत ढकलून, लुळी पडली. खोलीभर पांढरी पूड. सासू हातातल्या झाऱ्यासकट धावत आली. पहिलं हललं कोण? सून. तिने आधी भिंतीतला प्लग ओढला, मग नवऱ्याजवळ बसली. त्याचा हात भाजला होता, मनगट मुरगळलं होतं, कानात शीळ वाजत होती. तो तिच्याकडे नाही, माझ्याकडे बघत होता. नेमका तिथे, जिथे थोड्या वेळापूर्वी तिचा गाल होता.

मला वाटलं, आता तरी कळलं.

कळलं होतं. म्हणून तर खोटी गोष्ट जन्माला आली. कानाच्या डॉक्टरला म्हणाला, "सुदैवाने बायको बाजूला होती." हे अर्धं खरं. मामा भेटायला आले, त्यांना म्हणाला, "मला शंका आली, म्हणून तिला ऊठ म्हटलं." ऑफिसातली मंडळी आली तोवर शंकेचा साक्षात्कार झाला होता. "मी ओरडलोच, ऊठ आधी. एक क्षण उशीर झाला असता तर..." आणि हात असा करायचा की ऐकणारे अंग चोरून घ्यायचे. लोक त्याच्याकडे कौतुकाने बघायचे. आयत्या बिळावर नागोबा. वाचली ती स्वतःच्या नकाराने, आणि तिला वाचवल्याचं श्रेय हा घेत होता, मनगटाला पट्टा बांधून.

ती चहाचा ट्रे ठेवायची आणि आत जायची. मला तिचाही राग आला, का नाही येणार? अगं, तुझ्या तोंडाला कुणी कात्री लावलीय का?

परवा रविवारी टर्बो आला. चहा झाला, गोष्ट झाली. मी फाटलेलीच होते, तो माझ्यावर बसून स्टिअरिंग फिरवत होता. "मस्त आहे यार. मलाही कर असं काहीतरी. आमची पोरगी, चिमी, तर उतरायचीच नाही यावरून."

"अरे, हिची जोडीची सीट अजून भंगारात आहे," नवरा म्हणाला. "बाजूची. उद्या सांगतो त्याला ठेवायला. वायरिंग आता मला पाठ झालंय."

"आणि तो बार?"

"आता कळतं ना. त्या वेळी मी हिला वेळेवर उठवलं, तसं..."

"मला यांनी उठवलं नाही," सून म्हणाली.

ट्रे तिच्या हातातच होता. आवाज चढलेला नव्हता. मी या घरात आल्यापासून पहिल्यांदा तिने कुणाचं वाक्य मध्येच तोडलं.

"भाऊजी, यांनी मला बस म्हटलं होतं. मी उठले. लावू नका म्हटलं, तरी लावलं."

टर्बोचे हात स्टिअरिंगवरच राहिले. नवरा हसला, पण हसू अर्ध्यावर संपलं. "अगं, गोष्ट सांगताना जरा इकडचं तिकडे होतंच."

"होऊ दे. पण त्या सीटवर चिमी बसणार आहे."

मग सासू, जी दारात कधी येऊन उभी राहिली ते कुणाला कळलं नव्हतं, म्हणाली, "मीही बस म्हटलं होतं तिला. तुझं समाधान व्हावं म्हणून." आणि मुलाकडे बघून, "तू मला सांगितलंस, तूच उठवलंस म्हणून. मी चार घरी सांगून आले."

टर्बो माझ्यावरून हळूच उतरला. "वहिनी, त्या दुसऱ्या सीटमध्येही असतं का हे?"

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "मी बघितलेली नाही." मग नवऱ्याकडे वळून, "तुम्हीही बघितलेली नाही."

तो मनगटाच्या पट्ट्याशी चाळा करत बसला. मला वाटलं, आता चिडेल, टीव्हीचा आवाज मोठा करेल. त्याने फोन उचलला. पलीकडून भंगारवाला मोठ्याने 'बोला साहेब' म्हणाला.

"ती गाडी मी पाहिली होती ना. तिची राहिलेली सीट कुणाला देऊ नका. नाही, मला नकोय. तिच्यात एअरबॅग शाबूत असेल. हो, मी उडाल्या म्हटलं होतं. मी..." तो थांबला. ती तिथेच उभी होती, ट्रे घेऊन. "मी नीट तपासलं नव्हतं. उद्या माणूस घेऊन येतो काढायला. तोवर पिवळ्या टोपणाला कुणी हात लावू नका."

फोन ठेवल्यावर ती आत गेली. कप विसळल्याचा आवाज आला. टर्बोने आयुष्यात पहिल्यांदा सावकाश विचारलं, "खरंच बस म्हणाला होतास?"

"हो," तो म्हणाला.

माझं म्हणाल तर मी आता साधी खुर्ची. मला जे एकदाच करता येत होतं ते रिकाम्या जागेवर खर्च झालं, एका माणसाला पिवळं टोपण कशाचं हे बघायचं होतं म्हणून. त्याचा राग जाणार नाही, आणि घालवायची मला घाईही नाही. तुमच्या गाडीत माझ्या बहिणी असतील. त्यांच्यावरची कव्हरं काढा, कुशीत चिठ्ठी आहे का बघा, ती कापू नका. त्यांनी जन्मभर वाट बघत राहावं आणि त्यांच्यावर कधीच वेळ येऊ नये, एवढंच माझं मागणं. आणि घरातलं कुणी 'मी नाही बसणार' म्हणालं, तर त्याला घाबरट म्हणण्याआधी ते कशावरून उठतंय ते खाली वाकून बघा.